पाच फेब्रुवारीचे सव्वीस जण

गोन्सालो गार्सियाला जे व्हायचं होतं ते त्याला बराच काळ कुणी होऊ दिलं नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यात तो वसईत जन्मला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. किल्ल्यातल्या जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या पाद्रींकडे शिकला आणि मिसरूड फुटायच्या वयात त्यांच्याच सोबतीने जहाजात बसून जपानला गेला. तिथली भाषा उत्तम शिकला, वर्षानुवर्षं धर्मशिक्षक म्हणून राबला. जेझुइट संघात आपल्याला घ्यावं एवढीच त्याची इच्छा होती. ती पुरी होण्याची चिन्हं दिसेनात, तेव्हा त्याने तिथून काढता पाय घेतला आणि व्यापार सुरू केला. धंद्यात जम बसला, पण मन काही रमलं नाही. मग तो मनिलाला गेला आणि फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघाच्या दारात उभा राहिला. तिथे त्याला आत घेतलं, तेही ब्रदर म्हणून, धर्मगुरू म्हणून नव्हे. वेदीवर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करण्याचा अधिकार त्याला अखेरपर्यंत मिळाला नाही.

1593 साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना फिलिपिन्सहून जपानला दूत म्हणून पाठवायचं ठरलं. जपानचा सर्वेसर्वा टोयोटोमी हिदेयोशी याच्यापुढे बोलायचं तर दुभाषा हवा. गोन्सालो पुन्हा जपानला गेला तो असा, दुसऱ्याचं बोलणं तिसऱ्याला समजावून सांगणारा माणूस म्हणून.

मी त्याला एकेरीत लिहितोय. प्रवचनात फादर ‘संत गोन्सालो गार्सिया यांनी’ असं म्हणतात आणि तेच रीतीला धरून आहे. पण घरात, वाडीत, बायकांच्या बोलण्यात तो नेहमी ‘आपला गोन्सालो’ असतो. तुकोबाला कोण अहोजाहो करतं? जवळच्या माणसाला आपण जो हक्क दाखवतो तो संतालाही दाखवावा, असं मला वाटतं.

पुढची हकिगत वसईतल्या मुलांना ‘संडे स्कूल’मध्येच कळते. 1596 च्या ऑक्टोबरात ‘सान फेलिपे’ नावाचं स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागलं. त्यातल्या मालावरून वाद पेटला आणि परदेशी धर्मप्रसारकांवरचा हिदेयोशीचा राग उफाळून आला. फ्रान्सिस्कन पकडले गेले, त्यांच्यासोबत त्यांच्याकडे येणारे-जाणारे जपानी ख्रिस्तीही. क्योटोत प्रत्येकाचा डावा कान कापला. मग ऐन हिवाळ्यात, सुमारे महिनाभर चालवत त्यांना नागासाकीला नेलं. 5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका नावाच्या टेकडीवर सगळ्यांना क्रुसांना बांधून भाल्यांनी भोसकलं.

मुलांना एवढं सांगून आम्ही थांबतो. खरी ओढ लावणारा भाग याच्या आतच आहे. क्योटोहून निघाले तेव्हा ते चोवीस होते, टेकडीवर पोचले तेव्हा सव्वीस झाले. वाटेत कैद्यांची विचारपूस करत, खाण्यापिण्याचं बघत सोबत चालणारे दोघे जण होते. त्यांनाही शिपायांनी याच माळेत गोवलं. त्यातला एक सुतार होता. आणि मॅथायस नावाचा एक जण तर यादीत नव्हताच. शिपायांनी घराशी येऊन मॅथायस नावाच्या स्वयंपाक्याला हाका मारल्या. तो बाहेर गेला होता. शेजारपाजारचा दुसराच एक माणूस पुढे आला आणि म्हणाला, माझंही नाव मॅथायस आहे, मीही ख्रिस्ती आहे. शिपायांना आकडा भरायचा होता, त्यांनी त्याला घेतलं. या माणसाविषयी यापलीकडे जवळजवळ काहीच माहीत नाही. मात्र चर्चच्या संतांच्या यादीत तो आहे.

त्यांच्यात लहान मुलंही होती. सगळ्यात धाकटा लुई इबाराकी, बारा वर्षांचा. तोमास कोझाकी चौदाचा. तो आणि त्याचे वडील मिकाएल दोघेही त्या रांगेत होते. तोमासने वाटेत, मिहारा नावाच्या गावच्या मुक्कामी आईला पत्र लिहिलं. ते पोचवायला कुणी मिळालं नाही. पुढे ते वडिलांच्या मृतदेहापाशी, कपड्यांत सापडलं.

या सव्वीस जणांना 1627 साली धन्य म्हणून घोषित केलं गेलं, ही संतपदाच्या आधीची पायरी, आणि 8 जून 1862 रोजी पोप नववे पायस यांनी संतपद दिलं. पादुआचा संत अंतोनी 13 जून 1231 ला वारला आणि वर्ष पुरं व्हायच्या आत संत झाला. गोन्सालोला 265 वर्षं लागली. भारतात जन्मलेल्या माणसाला संतपद मिळण्याची ती पहिली वेळ. मधल्या काळात त्याचं जन्मगाव पुरतं पालटलं होतं. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, तटाच्या आतली चर्चं ओस पडली, छपरं गेली, भिंतींत पिंपळ रुजले. चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी विजयाची खूण म्हणून घाटावर नेल्या. त्या आजही वाजतात, नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला. भीमाशंकरची घंटा मी पाहिली आहे. भक्तांच्या रांगेत उभं राहून तिच्याकडे बघताना मनात कुठलाही सल नव्हता. एवढा मोठा ओतीव धातू सह्याद्री चढवून नेणाऱ्या बैलांचं आणि माणसांचं मात्र फार नवल वाटलं होतं.

किल्ल्यात जेझुइटांचं जे जुनं चर्च आहे, त्याला लोक आता गोन्सालो गार्सियाचं चर्च म्हणतात. त्याच्या सणाची मिस्सा तिथे होते. मी लहानपणापासून या मिस्सेला जातोय. सगळ्या धर्मग्रामांतून लोक येतात, रमेदीहून, गासहून, सांडोरहून, पार आगाशी-नंदाखालपासून. म्हाताऱ्या बायका लाल लुगडी नेसून येतात, डोक्यावरून पदर, हातात रोजरीची माळ. अशी लुगडी आता दरवर्षी कमी दिसतात. चुन्यातल्या जुन्या दगडी कमानीला झेंडूच्या माळा बांधलेल्या असतात. गायनमंडळ पेटी-तबल्यावर मराठी गीतं म्हणतं. दान अर्पण करायची वेळ झाली की पाव आणि द्राक्षारसाबरोबर वाडीतलं काहीबाही वेदीपाशी नेलं जातं, केळीचा घड, विड्याची पानं, सोनचाफा. मी एकदा ती पानांची टोपली धरून रांगेत उभा होतो. ओल्या पानांचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं, पुढच्या माणसाच्या सदऱ्याला डांबराच्या गोळ्यांचा वास होता आणि माझ्या मागच्या मावशी दुसऱ्या कुणाला तरी हलक्या आवाजात विचारत होत्या, ‘यंदा तुमच्याकडे सांदण केले का गं?’ अशा गर्दीत मला भक्तीचा भाव लवकर येतो. एकट्याने बसून येत नाही तेवढा.

सण कुठल्या दिवशी धरायचा, यामागेही एक विचार आहे आणि तो मराठी माणसाला चटकन पटेल. चर्च संताचा जन्मदिवस सहसा पाळत नाही, मृत्यूचा दिवस पाळतं. त्या दिवशी तो देवाघरी जन्मला, असं मानतात. जन्मदिवस पाळले जातात ते तिघांचेच, येशूचा 25 डिसेंबरला, पवित्र मरियेचा 8 सप्टेंबरला आणि बाप्तिस्मा देणाऱ्या योहानचा 24 जूनला. आळंदीला लोक लोटतात ते कार्तिकात, ज्ञानदेवांच्या समाधीच्या दिवशी. देहूला बीज होते ती तुकोबांच्या वैकुंठगमनाची. आपल्याकडची माणसं या कल्पनेला परकी नाहीत.

ही रीत फार जुनी आहे. दुसऱ्या शतकात स्मर्ना शहराचे वयोवृद्ध बिशप पॉलिकार्प यांना जाळून मारलं. तिथल्या ख्रिस्ती लोकांनी दुसऱ्या गावच्या बांधवांना त्याची हकिगत पत्रातून कळवली. त्यात ते लिहितात की आम्ही त्यांच्या अस्थी गोळा केल्या, हिऱ्यामाणकांहून मोलाच्या, आणि त्या योग्य ठिकाणी ठेवल्या; दरवर्षी तिथे जमून आम्ही त्यांच्या रक्तसाक्षीचा, म्हणजे धर्मासाठी पत्करलेल्या मरणाचा, जन्मदिवस साजरा करू. तेव्हा ना मोठी चर्चं होती ना मूर्ती. संतपद देणारी रोममधली कचेरी तर कित्येक शतकं दूर होती. एक जागा होती, एक तारीख होती आणि जमणारी माणसं होती.

आमच्या घरी वर्ष याच तारखांवर चालायचं. आजीला इंग्रजी महिने माहीत होते, पण ती त्यांचा उपयोग फारसा करत नसे. अंतोनीच्या सणापर्यंत पाऊस यायलाच हवा, तो आला नाही की ती अस्वस्थ व्हायची. पेत्र-पावलूच्या सणाला, म्हणजे 29 जूनला, समुद्र बंद असतो म्हणून मासळी मागायची नाही. 8 सप्टेंबरच्या आसपास मोतमाऊलीची, म्हणजे माउंट मेरीची जत्रा, वांद्र्याला जायचं. ऑक्टोबर रोजरीचा, नोव्हेंबर मेलेल्यांचा. तिसऱ्या डिसेंबरला सांव फ्रान्सिस्क शाविएर. मध्येच निर्मळची जत्रा, ती आपल्या कॅलेंडरात नसली तरी आजीच्या कॅलेंडरात होती, कारण सुकेळी तिथूनच आणायची. माझ्या वडिलांच्या जन्माविषयी ती सांगायची, ‘तुझा बाप मोतमाऊलीच्या जत्रेला पोटात होता, मी सगळ्या पायऱ्या चढले.’ वर्ष विचारलं तर सांगता येत नसे. ते तिच्या लेखी महत्त्वाचंही नव्हतं.

वांद्र्याच्या त्या जत्रेत दोन्ही बाजूंना मेणाच्या वस्तू विकायला असतात, हात, पाय, काळीज, डोळे, तान्हं बाळ, घर. ज्याचं जे दुखतं किंवा ज्याला जे हवं, ते मेणाचं घ्यायचं आणि वर चर्चमध्ये वाहायचं. घेणारे सगळ्या धर्मांचे असतात. आत्ताची ती इमारतसुद्धा शापूरजी चांदाभॉय या पारशी वास्तुविशारदाने बांधली, 1904 मध्ये ती पुरी झाली. हा देण्याघेण्याचा व्यवहार झाला, अशी टीका मी बऱ्याचदा ऐकली आहे, आमच्यातल्या शिकलेल्या मंडळींकडूनच जास्त. मला ती पटत नाही. एकदा माझ्यापुढे एक बाई होती, मेणाचा पाय घेऊन. दर थोड्या वेळाने ती त्या पायाची घोट्याकडची बाजू पदराने पुसत होती, मेणावर बोटांचे ठसे उमटले म्हणून. दुकानदार आणि गिऱ्हाईक असं नातं ज्यांच्यात आहे ती माणसं असं करत नाहीत.

‘तुम्ही संतांची पूजा करता का?’ हा प्रश्न शेजारी विचारतात, कधी प्रॉटेस्टंट मित्रही विचारतात. चर्चचं उत्तर साफ आहे. आराधना एका देवाची, संतांना फक्त मान. 787 साली निकेया इथे भरलेल्या दुसऱ्या परिषदेत मूर्ती आणि चित्रांविषयी हाच निवाडा झाला. संतांना आपण ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणतो, ‘दे’ म्हणत नाही. हे सगळं खरं आहे आणि मी ते मानतो. पण मला स्वतःला संत लागतात ते आणखी एका कारणाने. ते आपल्यासारखे निघालेले असतात. पेत्राने कोंबडा आरवायच्या आत तीनदा येशूला ओळख दाखवली नाही. तोमासाने जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही असं सांगितलं. गोन्सालो कंटाळून व्यापाराला लागला. चर्चने त्यांच्या आयुष्यातली ही पानं फाडली नाहीत, सणाच्या दिवशी वेदीवरून वाचून दाखवते.

म्हणूनच हल्लीच्या सणांविषयी बोलायला हवं. गेल्या काही वर्षांत सणाचा थाट भलताच वाढला आहे. नऊ दिवसांच्या नोव्हेनाला रोज वेगळा प्रवचनकार, रोषणाई, कर्णे, मिरवणुकीत बँड आणि बँडनंतर डीजे. गावात शिरताच फ्लेक्स लागलेले असतात, त्यावर शुभेच्छुकांचे फोटो मोठे आणि संताचा लहान. सणाला खर्च व्हावा, पोटभर जेवण व्हावं, डुकराचं मटण आणि तांदळाच्या भाकऱ्या पाहुण्यांना आग्रहाने वाढाव्यात, यात मला काही वावगं वाटत नाही. उलट ते हवंच. पण मिरवणुकीत मूर्ती उचलणाऱ्या पोरांना मूर्ती कुणाची ते सांगता यावं. संत सेबास्तियन कोण होता, बाण का मारले, हे दोन वाक्यांत सांगता येणारा तरुण मला शोधावा लागतो. चूक त्यांची नाही. आम्ही वडीलधाऱ्यांनी रोषणाईचं कंत्राट द्यायला जितका वेळ दिला, तितका गोष्ट सांगायला दिला नाही.

गोष्ट आणि तारीख टिकली तर काय होऊ शकतं, हे नागासाकीनेच दाखवून दिलं. गोन्सालोनंतरच्या काळात जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर कडक बंदी आली, छळ झाला, सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत देशात एकही धर्मगुरू उरला नाही. पुढे दोनशेहून जास्त वर्षं तिथे मिस्सा नाही, कॉन्फेशन नाही, बायबल नाही. शेवटी देश परकीयांना खुला झाला आणि फ्रेंच धर्मगुरूंनी नागासाकीत ओउरा इथे चर्च बांधलं. ते अर्पण केलं याच सव्वीस रक्तसाक्षींना, आणि त्याचं तोंड ठेवलं निशिझाका टेकडीकडे. 17 मार्च 1865 रोजी उराकामी गावातले काही शेतकरी दबकत तिथे आले. त्यांच्यातली एक बाई फादर पेटीजान यांच्या जवळ येऊन कुजबुजली की आमचं आणि तुमचं मन एकच आहे, आणि मग विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? मूर्तीपुढे नेल्यावर बोलता बोलता त्या लोकांनी सांगितलं की सध्या दुःखाचा काळ चालू आहे, आज त्याचा सतरावा दिवस.

इस्टरआधीचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो, आणि त्या वर्षी तो 1 मार्चला होता. 17 मार्च हा उपवासकाळाचा बरोबर सतरावा दिवस.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कॅलेंडर काढून बोटांवर मोजलं. सात पिढ्यांत ज्यांनी धर्मगुरूचं तोंड पाहिलं नव्हतं, अशा अडाणी ठरवल्या गेलेल्या शेतकऱ्यांना इस्टरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या तारखेवरून उपवासकाळ नेमका मोजता येत होता. गावागावांत एक कॅलेंडर जपलं होतं, बास्तियन नावाच्या धर्मशिक्षकाच्या नावाने ओळखलं जाणारं, 1634 च्या सणांवरून धरलेलं. जपानी महिन्यांच्या हिशेबात बसवून ते घरोघर तोंडी आणि लेखी चालत आलं. हे काम करणारा बास्तियन धर्मगुरू नव्हता. गोन्सालोसारखाच मदतनीस होता. प्रार्थनेतले लॅटिन-पोर्तुगीज शब्द त्यांच्या तोंडी ओळखू येणार नाहीत इतके झिजले, पण दिवस हलले नाहीत.

माझी आजी ‘मोतमाऊलीच्या जत्रेला’ म्हणायची, तेव्हा मला ते जुन्या माणसाचं बोलणं वाटायचं. ती काय करत होती ते मला नागासाकीने शिकवलं.

1962 साली, संतपदाला शंभर वर्षं झाली म्हणून निशिझाका टेकडीवर स्मारक उभं राहिलं. शिल्पकार यासुताके फुनाकोशी. लांब दगडी भिंतीवर ब्राँझच्या सव्वीस आकृती एका ओळीत. पायाखाली जमीन नाही, पावलं खाली लोंबलेली. मुलं उंचीने लहान आहेत, बाकी कुणी मोठा-छोटा नाही. त्या ओळीत फेलिपे दे जेझुस आहे. तो मेक्सिकोचा, त्याच सान फेलिपे जहाजातून धर्मगुरुपदाची दीक्षा घ्यायला घरी निघालेला. मेक्सिकोचा पहिला संत तोच, त्यामुळे 5 फेब्रुवारीला मेक्सिकोतही सण असतो. जपानमध्ये हे सगळे ‘जपानचे सव्वीस संत’ म्हणून ओळखले जातात. रोमच्या कॅलेंडरात 5 तारीख संत आगाथाची, म्हणून तिथे ते 6 तारखेला सरकले, ‘पॉल मिकी आणि सोबती’ असे. पॉल मिकी हा त्यांच्यातला जपानी जेझुइट. म्हणजे मेक्सिकोला फेलिपे, रोमला पॉल, वसईला गोन्सालो. प्रत्येकाने आपापला माणूस त्या ओळीतून उचलला आहे आणि बाकीच्यांना सोबती म्हटलं आहे.

आपल्या माणसावर जास्त जीव असणं मी समजू शकतो. पण हे लोक महिनाभर एका दावणीला चालले. गोन्सालोला त्यांच्यापासून सुटा काढून एकट्याच्या मूर्तीला हार घालणं मला अपुरं वाटू लागलं आहे. तो तर दुभाषा होता, त्या रांगेत फिलिपिन्सहून आलेल्यांचं जपान्यांना आणि जपान्यांचं त्यांना सांगणारा. येत्या सणाला आमच्या फादरांना मी विनंती करणार आहे की विश्वासू लोकांच्या प्रार्थनेआधी सव्वीसही नावं वेदीवरून वाचली जावीत. वाचायला दोन-तीन मिनिटं पुरतील. पेद्रो बाप्तिस्ता, मार्तिन, फेलिपे, पॉल मिकी, गोतोचा योहान, कोझाकी बाप-लेक, आणि सगळे. लुई इबाराकीचं नाव त्या वर्षी पहिली कम्युनियन घेणाऱ्या एखाद्या मुलाने वाचावं. उच्चार अवघड आहेत, आधी दोनदा सराव करून घेऊ. मॅथायसच्या नावापाशी मात्र वाचणाऱ्याने क्षणभर थांबून सांगायला हवं, हा स्वयंपाकी नव्हे, दुसरा.